आबांच्या वह्या : एका निवृत्त सैनिकाच्या आणि विमा प्रतिनिधीच्या आठवणी

मालवकन्या

नमस्कार.

आमचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, गेल्या वर्षी वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांच्याविषयी कोणीतरी सविस्तर लिहावे असे घरात सर्वांचेच म्हणणे पडले आणि ते काम माझ्याकडे आले. आबा सतरा वर्षे सैन्यात होते आणि त्यानंतर तीसहून अधिक वर्षे इंदुरात आयुर्विम्याचे प्रतिनिधी होते. लोक पहिल्या भागाबद्दल आदराने बोलतात आणि दुसरा भाग 'नंतर एलआयसीचे काम करीत असत' एवढ्या एका वाक्यात उरकतात. शोकसभेतही तसेच झाले आणि मला ते फार लागले. म्हणून या चर्चामंचावर मी मुख्यतः दुसऱ्या भागाविषयी लिहिणार आहे. त्यांची खरी कर्तबगारी माझ्या मते तिथेच होती, आणि सैन्यात ते जे शिकले तेही तिथेच पुरेपूर कामी आले.

आबांचा जन्म १९४५ सालचा, इंदुरातील रामबागेतला. माझे पणजोबा होळकर संस्थानच्या खजिन्यात कारकून होते आणि १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाल्यावर नव्या राज्याच्या नोकरीत आले. घराण्यात सैन्यात गेलेले कोणीच नव्हते. १९६२च्या चीन युद्धानंतर भरती जोरात सुरू झाली, तेव्हा मॅट्रिक झालेल्या आबांनी इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत जाऊन नाव नोंदवले आणि १९६३ मध्ये ते सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात, दाखल झाले. जबलपूरच्या केंद्रात प्रशिक्षण झाले व लाइनमनचे काम मिळाले. केबलचे रीळ घेऊन एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत तार टाकायची आणि ती तुटली की जोडायची, असे ते काम.

१९६५च्या लढाईत ते नवखे होते आणि पिछाडीला होते. १९७१च्या डिसेंबरात मात्र ते पश्चिम सीमेवरच्या शकरगढ भागात होते. त्या दिवसांविषयी ते मोजके बोलत, पण तार जोडण्याविषयी विचारले की खुलून सांगत. रात्री टेलिफोन मुका झाला की दोघांनी निघायचे. दिवा लावायचा नाही. जमिनीवर पसरलेली केबल मुठीतून सरकवत चालत राहायचे, म्हणजे जिथे ती तुटली असेल तिथे टोक आपोआप हातातून सुटते. तुटण्याचे कारण दर वेळी शत्रूचा गोळाच असे असे नाही. पुष्कळदा ती आपल्याच गाड्यांच्या चाकांखाली आणि रणगाड्यांच्या पट्ट्यांखाली जात असे. मग दुसरे टोक अंधारात चाचपून शोधायचे, चाकूने आवरण सोलायचे, गाठ मारून तारा जोडायच्या, वर टेप गुंडाळायची आणि त्याच जागी टेलिफोन लावून आधी मागच्या ठाण्याशी व मग पुढच्या ठाण्याशी बोलून पाहायचे. एकाच बाजूने उत्तर आले, तर पुढे कुठेतरी आणखी एक तूट आहे असे समजून पुन्हा चालू लागायचे. 'दोन्ही टोके बोलली का?' हा प्रश्न आम्ही नातवंडे लहानपणापासून ऐकत आलो. परीक्षेचा अर्ज भरला, रेल्वेचे आरक्षण केले, कोणाला निरोप दिला, की आबांचा हा प्रश्न ठरलेला असे.

त्या लढाईत त्यांच्या तुकडीतील एक सोबती मारला गेला. तो विदर्भातील एका खेड्यातला होता. पुढल्या वर्षीच्या रजेत आबा त्याच्या घरी भेटायला गेले. पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले होते, पण त्याच्या ट्रंकेतील कागदांत आबांना डाक जीवन विम्याची एक पॉलिसी दिसली. हा कागद काय आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय वारस म्हणून आईचे नाव होते आणि आई त्याच्याही आधी वारली होती. आबांनी तिथेच बसून अर्ज लिहिले, दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र काढण्यासाठी त्या गावच्या मास्तरांशी त्या बाईंची गाठ घालून दिली आणि पुढचा सारा पत्रव्यवहार '५६ एपीओ' या आपल्या लष्करी पत्त्यावरून चालवला. पैसे त्या बाईंच्या हाती पडायला दीड वर्ष लागले. हप्ते नियमित भरले होते, पॉलिसी चालू होती, आणि तरीही केवळ एक नाव बदलायचे राहिल्यामुळे ते कुटुंब दीड वर्ष ताटकळले, ही गोष्ट आबांच्या मनात कायमची बसली. निवृत्तीनंतर विम्याचेच काम का निवडले, असे मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी मला हीच हकिकत सांगितली होती.

शेवटची काही वर्षे ते महूच्या दूरसंचार महाविद्यालयात होते आणि १९८० मध्ये तिथूनच हवालदार म्हणून निवृत्त झाले. सैन्याच्या निवृत्तिवेतनात तीन मुलांचे शिक्षण होणे शक्य नव्हते. पुढल्याच वर्षी त्यांनी विमा प्रतिनिधीचा परवाना घेतला आणि सायकलवरून काम सुरू केले.

येथे या व्यवसायाची एक बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय आबांचे वेगळेपण कळणार नाही. प्रतिनिधीचे उत्पन्न नव्या पॉलिसीतून येते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर २५ टक्के आणि वर बोनस कमिशन, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यापुढे ५ टक्के, अशी साधारण रचना असे. म्हणजे जुनी पॉलिसी जिवंत ठेवण्यासाठी चकरा मारणाऱ्याला तुटपुंजे मिळते आणि दावा मिळवून देण्यासाठी झिजणाऱ्याला काहीच मिळत नाही. आबांचा बहुतेक वेळ या दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात जात असे. आजी त्याबद्दल रागावत असे, आणि संसार तिला चालवायचा होता, त्यामुळे तिचा राग रास्तच होता.

त्यांच्या वह्या हे या सगळ्याचे लेखी प्रमाण आहे. लाल कापडी बांधणीच्या, व्यापारी लोक वापरतात तशा लांबट चोपड्या खजुरी बाजारातून आणलेल्या असत. प्रत्येक पानावर एक कुटुंब. विमाधारकाचे नाव, पॉलिसी क्रमांक, विम्याची रक्कम, हप्ता, देय तारीख, वारसाचे नाव आणि शेवटी एक रुंद रकाना, ज्याच्या डोक्यावर लिहिलेले आहे 'दोन्ही टोके'. त्या रकान्यात बॉण्डवरील, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदावरील, नाव आणि माणसाच्या शाळेच्या दाखल्यावरील नाव जुळते का, वारसाचे बॉण्डवरील नाव आणि त्याच्या स्वतःच्या कागदांवरील नाव जुळते का, याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे नाव, मधले नाव आणि आडनाव असे तिन्ही बदलण्याची रीत आहे. त्यात बॉण्डवर घरातले हाकेचे नाव पडलेले असते आणि मतदार यादीत हिंदी पद्धतीने शेवटी 'बाई' लावलेले असते. दावा अडतो तो अशाच जागी. एका पानावर आबांच्या बारीक, तिरप्या अक्षरात नोंद आहे : 'आईचे नाव आहे. वैशाखात लग्न झाले. पत्नीचे नाव घालणे. दोनदा सांगितले. सोमवारी स्वतः घेऊन जाणे.' आणि खाली वेगळ्या शाईत एकच शब्द : 'झाले.'

त्यांची कसोटी लागली ती गिरण्या बंद पडल्या तेव्हा. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली आणि तिच्या कामगारांची देणी चुकती करण्याचा धनादेश निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला, एवढे सांगितले तरी त्या काळाची कल्पना येईल. आबांचे पुष्कळ विमाधारक निरनिराळ्या गिरण्यांतले होते आणि काहींचा हप्ता पगारातून परस्पर कापला जात असे. पगार थांबला की हप्ताही थांबतो, आणि सवलतीचे दिवस संपले की पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते, हे त्या घरांतून कोणाच्या डोक्यात येणे शक्यच नव्हते. तिथे त्या वेळी पिठाची चिंता होती. आबा संध्याकाळी परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर या भागांत एकेका दाराशी जात. ज्यांना थोडे भरणे जमेल त्यांचे मासिक हप्ते तिमाही करून देत, ज्यांची तीन वर्षे पूर्ण झाली असतील त्यांना पॉलिसी मोडून टाकण्याऐवजी पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी झालेल्या रकमेवर चालू, ठेवण्याचा सल्ला देत, आणि ज्यांना मोडण्यावाचून गत्यंतर नसे त्यांचा अर्ज मुकाट्याने भरून देत. त्या दोन-तीन वर्षांत त्यांनी नव्या पॉलिसी फारच थोड्या केल्या, हे वह्यांतून स्पष्ट दिसते.

आबांना ओळखणारे कोणी येथे असतील तर त्यांनी अवश्य लिहावे. आणि एक प्रश्न आहे : या वह्यांचे आम्ही काय करावे? त्यांत शेकडो घरांची माहिती आहे.

महूकर

मालवकन्याताई, आपल्या आबांना मनापासून सॅल्यूट. मीही सिग्नल्समधूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालो. 'तीव्र चौकस' हे आमच्या कोरचे ब्रीद लाइनमनइतके क्वचितच कोणी जगले असेल. बिनतारी संदेश शत्रू ऐकू शकतो, म्हणून तार टाकणाऱ्यांवर सारी भिस्त असे, आणि पदके वाटताना त्यांची आठवण सगळ्यात शेवटी येई.

आपण लिहिलेल्या नावांच्या घोळाला सैन्यात आणखी एक पदर आहे. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की त्याची नोंद पार्ट-टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या अधिकृत आदेशात, छापली जावी लागते. रजेवर लग्न करून परतलेला पोरगा संकोचाने म्हणा, आळसाने म्हणा, कागद देत नाही, आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव तरी नसते किंवा चुकीचे तरी असते. नवरा गेल्यावर ती बाई बँकेच्या दाराशी उभी राहते तेव्हा हे उघडकीस येते. आपले आबा दर नोव्हेंबरात, आम्ही सगळे हयातीचा दाखला द्यायला जमत असू तेव्हा, प्रत्येकाला आदेशाची प्रत घेऊन यायला लावत आणि पत्नीच्या नावावर बोट ठेवून 'वहिनींच्या आधार कार्डावर हेच नाव आहे का?' असे विचारत. माझ्या स्वतःच्या आदेशात पत्नीच्या जन्मतारखेची चूक निघाली होती. जबलपूरच्या अभिलेख कार्यालयाशी केलेला पत्रव्यवहार आबांनीच मला लिहून दिला.

त्यांच्या सोबत्याच्या काळात सैन्याची सामूहिक विमा योजना नव्हती, ती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाली. त्यामुळे आधीच्या जवानांच्या बाबतीत कुटुंब निवृत्तिवेतनाखेरीज डाक जीवन विमा हाच मुख्य आधार असे. हे तरुण वाचकांना कळावे म्हणून नोंदवून ठेवतो.

निवृत्त शाखासेवक

मी इंदूरच्या एका शाखेत दावे विभागात पुष्कळ वर्षे होतो. आपण नाव लिहिलेले नाही, तरी वर्णनावरून मी ओळखले. आमच्या शाखेत त्यांना सगळे 'फौजी बाबूजी' म्हणत.

त्यांनी आणलेला दाव्याचा कागद परत पाठवावा लागल्याचे मला आठवत नाही. ३७८३ क्रमांकाचा दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ बॉण्ड, बँकेचे तपशील, सगळे क्रमाने लावून, वर एका कागदावर काय काय जोडले आहे त्याची यादी करून ते आणत. अधिकारी बदलला तरी त्यांना फरक पडत नसे, कारण त्यांचे काम ओळखीवर चालत नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिला हप्ता प्रतिनिधीने स्वतःच्या कमिशनमधून भरायचा, म्हणजे गिऱ्हाईक चटकन तयार होते, ही या धंद्यातील जुनी खोड आहे. विमा कायद्याच्या ४१व्या कलमाने अशी सूट देण्यास आणि घेण्यासही मनाई आहे, तरी ती चालत आली. बाबूजींनी ती कधीही दिली नाही. त्यामुळे सियागंजातील काही चांगली, मोठी गिऱ्हाइके त्यांच्या हातून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रतिनिधींवर देखरेख करणारे विकास अधिकारी त्यांना समजावत, तेव्हा ते म्हणत की ज्याने पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरला नाही त्याला दुसरा हप्ता जड जातो आणि पॉलिसी तिथेच मरते. हे त्यांचे म्हणणे आकड्यांनी खरे ठरत असे. त्यांच्या पॉलिसी टिकत.

अर्थसाक्षर

आपल्या आजोबांविषयी पूर्ण आदर ठेवून एक मुद्दा मांडतो. त्या काळात विकल्या गेलेल्या एंडाउमेंट आणि मनी-बॅक, म्हणजे विमा व बचत एकत्र असलेल्या, पॉलिसींचा परतावा वर्षाला पाच-सहा टक्क्यांच्या आसपास पडतो आणि विम्याचे संरक्षण मात्र हप्त्याच्या मानाने फार तोकडे असते. तीच रक्कम शुद्ध मुदत विम्यात, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यासच पैसे देणाऱ्या विम्यात, आणि भविष्य निर्वाह निधीत विभागून ठेवली असती, तर त्या कुटुंबांच्या हाती कितीतरी अधिक आले असते. प्रतिनिधी प्रामाणिक होता म्हणून वस्तू चांगली होती असे होत नाही. या धाग्यावर येणाऱ्या तरुण वाचकांचा तसा समज होऊ नये, एवढ्यासाठीच लिहिले.

मालवकन्या

अर्थसाक्षर, आपला मुद्दा योग्य आहे आणि आबांनाही तो मान्य होता. माझ्या भावाला नोकरी लागली तेव्हा आबांनी त्याला शुद्ध मुदत विमाच घ्यायला लावला आणि गुंतवणूक वेगळी ठेवायला सांगितले.

मात्र १९८५ साली नंदानगरातील गिरणी कामगारापुढे कोणते मार्ग होते, हेही ध्यानात घ्यावे. मोहल्ल्यातील बीसी, म्हणजे भिशी, जी चालवणारा माणूस एखाद्या दिवशी गाव सोडून जाई. सावकार. किंवा घरातल्या डब्यातील रोकड, जी पहिल्या आजारपणात संपे. भविष्य निर्वाह निधी त्याला गिरणीत होता, पण नोकरीशी निगडित रकमांखेरीज त्याच्या मृत्यूनंतर घराला एकरकमी काही मिळावे अशी सोय त्याच्या आवाक्यात दुसरी नव्हती, आणि हयात राहिल्यास काहीच परत न देणारा विमा त्या माणसाने घेतलाच नसता. परतावा कमी होता हे खरे. माझ्या दृष्टीने त्याहून मोठे नुकसान अर्धवट सुटलेल्या पॉलिसींमुळे होत असे. पहिली दोन वर्षे भरून सोडून दिलेल्या पॉलिसीत त्या काळी माणसाचे सगळेच बुडत असे. आबा झगडले ते या नुकसानीशी. वस्तू जशी होती तशी होती. ती ज्याने घेतली त्याच्या घरी ती पूर्णपणे पोचवणे एवढे त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी केले.

नंदानगर

ताई, मी सहसा येथे लिहीत नाही, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझे वडील खानदेशातून आलेले गिरणी कामगार. त्यांची २५ हजारांची पॉलिसी होती, १९८४ पासूनची. गिरणी बंद पडल्यावर हप्ता बंद झाला. आईने तो बॉण्ड देवघराच्या फळीवर ठेवून दिला होता, आणि आता त्याचा उपयोग नाही असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पुढच्या नऊ-दहा महिन्यांतच वडील हृदयविकाराने गेले. मी तेव्हा दहावीत होतो आणि धाकट्या दोन बहिणी होत्या.

तेराव्यानंतर आपले आबा आले. सायकल भिंतीला टेकवली, पाणी घेतले आणि आईला म्हणाले, 'वहिनी, बॉण्ड काढा.' आई म्हणाली, 'काका, ती पॉलिसी तर केव्हाच मेली, हप्तेच कुठे भरले?' तेव्हा त्यांनी आम्हाला समजावून सांगितले की पाच वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेले असतील आणि पहिला हप्ता चुकल्यापासून बारा महिन्यांच्या आत माणूस गेला, तर एलआयसी थकलेले हप्ते वजा करून विम्याची पूर्ण रक्कम देते. तीन वर्षे भरलेली असतील तर ही सवलत सहा महिन्यांची असते. आमच्या मोहल्ल्यात हे कोणालाही माहीत नव्हते. आईचे बॉण्डवरचे नाव आणि रेशन कार्डावरचे नाव जुळत नव्हते. त्याचे प्रतिज्ञापत्र आबांनी आधीच, वडील हयात असताना, करून घेतले होते आणि ते बॉण्डमध्येच घडी करून ठेवलेले होते. आम्ही ते कधी उघडून पाहिलेही नव्हते.

ते पैसे आले म्हणून मी आयटीआय करू शकलो. पैसे मिळाल्यावर आईने त्यांना साडीचोळी आणि धोतरजोडी द्यायचे मनात धरले होते. त्यांनी घेतले नाही, फक्त जेवून गेले. नंतरही माझ्या दोन्ही बहिणींच्या लग्नांना ते आले होते. बहिणींच्या पॉलिसी त्यांच्याकडूनच घेतल्या आणि लग्नानंतर पंधरा दिवसांत नावे बदलण्याचे अर्ज घेऊन ते हजर झाले.

आपल्या वहीत आमचे पान असेल. मला त्याचा फोटो मिळाला तर फार बरे वाटेल.

लष्कर ग्वाल्हेर

फार चांगला धागा. एक विचारायचे होते. आमच्या काकांच्या निधनानंतर घरात केवळ एक जुनी हप्त्याची पावती सापडली आहे, बॉण्ड नाही. ते जाऊन बारा-तेरा वर्षे झाली. आता काही होऊ शकते का?

निवृत्त शाखासेवक

होऊ शकते. पावतीवर पॉलिसी क्रमांक असतो, म्हणजे अर्धे काम झाले. त्या शाखेत किंवा जवळच्या कोणत्याही शाखेत जाऊन आधी पॉलिसीची स्थिती विचारावी. प्रत्येक विमा कंपनीने दावा न केलेल्या रकमांचा शोध आपल्या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. नाव, जन्मतारीख, पॅन किंवा पॉलिसी क्रमांक घालून पाहता येते. अशी रक्कम दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहिली तर ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते, पण वर्ग झाल्यावरही पंचवीस वर्षांपर्यंत तिच्यावरील हक्क मागता येतो. त्यामुळे 'आता फार उशीर झाला' असे म्हणून सोडू नये. बॉण्ड हरवला असल्यास त्यासाठी क्षतिपूर्ती बंधपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना शाखेत मिळतो. काकांनी वारस नेमलेला नसेल, तर मात्र कायदेशीर वारसाचा पुरावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. फौजी बाबूजी असते तर पुढच्याच गाडीने ग्वाल्हेरला आले असते, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

बडोदेकरीण

मालवकन्या, वह्यांविषयी लिहिते. माझे सासरेही बडोद्यात याच व्यवसायात होते आणि त्यांच्या मागे अशीच कपाटभर कागदपत्रे राहिली. या वह्या एखाद्या संस्थेला द्याव्यात किंवा सगळी पाने जालावर ठेवावीत असे कोणी सुचवले, तर कृपा करून ऐकू नकोस. कोणाचे किती पैसे होते, कोणाला कोणता आजार होता, कोणी वारसाचे नाव का बदलले, हे सगळे लोकांनी तुझ्या आबांना सांगितले ते आबांपाशी राहील या भरवशावर. ज्याचे पान त्याच्या घरी, एवढेच करावे. आम्ही तसेच केले. सासऱ्यांच्या हस्ताक्षराचे जे कागद घरात ठेवायचे होते, ते फक्त आमच्या स्वतःच्या कुटुंबाच्या पॉलिसींचे ठेवले. आणि आधी ज्या पॉलिसी अजून चालू आहेत त्या वेगळ्या काढ. काही घरांतून विमाधारक गेलेला असेल आणि त्यांना काहीच ठाऊक नसेल.

मालवकन्या

सर्वांचे मनापासून आभार. आजीला मी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. नंदानगरांचा प्रतिसाद तिने पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाली, 'त्या वेळी मी त्यांच्याशी भांडत होते, घरात किराणा नाही आणि तुम्ही गिरणीवाल्यांकडे काय जाता म्हणून.' तिला त्या बाईंना, म्हणजे नंदानगरांच्या आईंना, भेटायचे आहे. त्या हयात असतील तर कृपया कळवावे. आम्हीच तिकडे येऊ. तुमचे पान सापडले आहे. 'दोन्ही टोके' या रकान्यात प्रतिज्ञापत्राची तारीख आहे आणि पुढे 'बॉण्डमध्येच ठेवले, वहिनींना सांगणे' असे लिहिलेले आहे. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

बडोदेकरीणताई, तुमचे म्हणणे घरात सर्वांना पटले. वह्या कुठेही दिल्या जाणार नाहीत. आजीच्या नावे आता वारसाहक्काचे कमिशन येते, आणि त्याच्या विवरणात ज्या पॉलिसींचे हप्ते अजून भरले जात आहेत त्यांचे क्रमांक असतात. ते क्रमांक माझा भाऊ वह्यांशी जुळवून पाहत आहे. ज्या पॉलिसींची मुदत संपलेली नाही आणि हप्ताही येत नाही, अशा पानांना आम्ही खुणा करीत आहोत आणि पहिले फोन त्याच घरांना जातील. पुष्कळ फोन क्रमांक जुने, सहा आकडी आहेत आणि लागत नाहीत. त्यासाठी पत्त्यांवर जावे लागेल.

परदेशीपुरा आणि पाटणीपुऱ्यातील जुन्या चाळींची माहिती असलेले कोणी येथे असेल तर मदत हवी आहे. काही चाळी पाडल्या गेल्या आहेत आणि तिथली कुटुंबे कुठे गेली हे आम्हाला समजत नाही. महूकर काका, माजी सैनिकांची पाने मी वेगळी काढली आहेत. त्यांतील काही गावे महूच्या आसपासची आहेत. तुम्ही येत्या रविवारी घरी येऊ शकाल का? निवृत्त शाखासेवक काकांनीही त्याच दिवशी यायचे कबूल केले आहे.

महूकर

येतो. सकाळी दहापर्यंत पोचेन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांनाही बरोबर घेतो, म्हणजे पत्ते तिथल्या तिथे पडताळून पाहता येतील.